बाईंचा फोन लॅपटॉपला दिसेना

"बाई, तुमच्याच फोनवर अ‍ॅप का बंद पडतंय ते बघायला तुमचा फोन मला लॅपटॉपला जोडावा लागेल," असं मी म्हणालो, तेव्हा काम दहा मिनिटांचं आहे अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात त्यात दोन संध्याकाळी आणि एक आख्खा रविवार गेला.

आमचं वाचनालय सातारा जिल्ह्यातलं, 'ब' वर्गाचं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दाखल नोंदवहीवरून एकेका पुस्तकाला बारकोड चिकटवला आणि देवघेवीसाठी मी एक छोटं अ‍ॅप लिहिलं. फोनच्या कॅमेऱ्यानं बारकोड वाचायचा, सभासद क्रमांक टाकायचा आणि 'द्या' दाबायचं, की परतीची तारीख दिसते. माझ्या फोनवर ते चालत होतं, दोन कार्यकर्त्यांच्या फोनवरही चालत होतं. ग्रंथपाल बाईंच्या फोनवर मात्र बारकोड नीट वाचला जायचा आणि 'द्या' दाबलं की अ‍ॅप गायब व्हायचं. दिवसभर काउंटरवर बसणाऱ्या त्याच, त्यामुळे बाकी सगळ्यांच्या फोनवर चालून काही उपयोग नव्हता.

माझ्या लॅपटॉपला चार जीबी रॅम आहे. त्यावर एम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा खोटा फोन, सुरू केला की बाकी सगळं थिजतं. शिवाय अ‍ॅप का कोसळलं याची नोंद त्याच फोनमध्ये होते. अँड्रॉइड आत घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची टिपणं ठेवत असतं, त्याला लॉगकॅट म्हणतात. ती कॉम्प्युटरवर वाचायची तर एडीबी नावाचं साधन लागतं आणि फोनमध्ये 'यूएसबी डीबगिंग', म्हणजे केबलवरून फोनच्या आत बघू देणारी सोय, चालू असावं लागतं.

डीबगिंगचं बटण सहज सापडत नाही. अँड्रॉइड ४.२ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'डेव्हलपर ऑप्शन्स' हा विभाग लपवून ठेवलेला असतो. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत जायचं, 'बिल्ड नंबर' शोधायचा आणि त्यावर सात वेळा बोट टेकवायचं. शेवटच्या काही टिचक्यांना फोन खाली आकडे दाखवत येतो, 'आता तीन राहिल्या, दोन राहिल्या'. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "हे बरंय, चुकून कुणी सात वेळा दाबणार नाही." त्यासाठीच ते तसं केलेलं आहे.

मग केबल. काउंटरच्या खणातली पांढरी केबल लावली. फोन चार्ज व्हायला लागला, पण लॅपटॉप गप्प. विंडोजवर नवं काही जोडलं की एक दोनसुरी आवाज येतो, तोही आला नाही. त्या संध्याकाळचा पाऊण तास मी सेटिंग उलटसुलट करण्यात घालवला आणि दोष निघाला केबलचा. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. लाल आणि काळी विजेची, हिरवी आणि पांढरी माहितीची. चार्जिंगपुरत्या म्हणून मिळणाऱ्या स्वस्त केबलींमध्ये पुढच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून बघून हे अजिबात कळत नाही. घरून दुसरी केबल आणली, लावताक्षणी आवाज आला. आता मी कुणालाही पहिलं हेच विचारतो की या केबलनं फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर कधी घेतले आहेत का. उत्तर 'नाही' असेल तर बाकी काही बघण्याआधी केबल बदलायची.

आवाज आला, फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडलं आणि बाईंचे फोटो लॅपटॉपवर दिसायला लागले. नातीच्या बारशाचे होते, ते बघण्यात आम्ही पाच मिनिटं घालवली. मग काळी खिडकी उघडून 'एडीबी डिव्हाइसेस' हुकूम दिला. उत्तरात मथळ्याची एक ओळ आली आणि तिच्याखाली काहीच नाही. फोटो दिसतात, म्हणजे फोन जोडला गेलाय. मग यादी रिकामी कशी?

ही गोष्ट समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि ती समजली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. डीबगिंग चालू केलेला फोन एकच वस्तू म्हणून कॉम्प्युटरसमोर येत नाही. एका केबलवरून तो दोन वेगवेगळ्या गोष्टी असल्याचं सांगतो, एक फाइलींचं कपाट आणि दुसरा एडीबीचा दरवाजा. अशा उपकरणाला 'कॉम्पोझिट' म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक भागाला ड्रायव्हर, म्हणजे त्याच्याशी कसं बोलायचं ते विंडोजला सांगणारा प्रोग्रॅम, स्वतंत्र लागतो. फाइलींच्या भागाचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, म्हणून फोटो लगेच दिसले. एडीबीच्या भागासाठी या फोनला कुणी ड्रायव्हर दिलेला नव्हता. बरेच नवे फोन 'माझ्यासाठी विंडोजचाच विनयूएसबी ड्रायव्हर लाव' असं स्वतःहून सांगतात, म्हणून माझ्या फोनला हा त्रास कधी झालाच नव्हता. बाईंचा फोन अँड्रॉइड ७ चा, २०१७ साली घेतलेला.

विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, उघडलं. 'अदर डिव्हाइसेस' खाली एक नाव, त्याच्यावर पिवळा त्रिकोण. उघडलं तर लिहिलेलं की या उपकरणाचे ड्रायव्हर बसवलेले नाहीत, कोड २८. हा कोड खरं तर चांगली बातमी असते. कोड १० किंवा ४३ आला तर उपकरण सुरूच होत नाहीये किंवा त्यानं बिघाड कळवला आहे, तिथे केबल, पोर्ट आणि फोन यांच्याकडे वळावं लागतं. कोड २८ मध्ये ड्रायव्हर नाही एवढंच असतं.

इथे मी एक चूक केली. रात्री उशीर झालेला, बाई घरी गेलेल्या, फोन माझ्याकडेच ठेवलेला. मी फोनच्या मॉडेलचं नाव आणि पुढे 'ड्रायव्हर' असं शोधलं आणि पहिल्यांदा जे दिसलं ते उतरवून घेतलं. सगळ्या फोनचे ड्रायव्हर एकाच पुडीत, फुकट. त्यानं ड्रायव्हर तर बसवला नाहीच, उलट ब्राउझरचं पहिलं पान बदललं, दोन अनोळखी प्रोग्रॅम आणले आणि अँटीव्हायरस ओरडायला लागला. दुसऱ्या दिवशीची आख्खी संध्याकाळ ते उपटून काढण्यात गेली. ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या अगदी आतल्या थरात चालतो. कुठून आला ते माहीत नसलेला ड्रायव्हर बसवणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात घराची किल्ली देणं. फोनच्या कंपनीनं स्वतः दिलेला, नाही तर गुगलचा यूएसबी ड्रायव्हर, या दोनाच्या पलीकडे जायचं नाही, हे त्या संध्याकाळी पक्कं झालं. या फोनच्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या जुन्या मॉडेलचं पानच उरलेलं नव्हतं, म्हणून गुगलचा घेतला.

रविवारी सकाळी वाचनालय बंद असतं. बाई तरीही चावी घेऊन आल्या, येताना चहाचा थर्मास घेऊन.

गुगलचा ड्रायव्हर म्हणजे एक लहानशी झिप. उघडली, डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या त्रिकोणावर उजवी टिचकी मारली, 'अपडेट ड्रायव्हर' घेतलं आणि तो फोल्डर दाखवला. विंडोजनं सांगितलं की ड्रायव्हर सापडला नाही. फोल्डर बरोबर होता, फाइल समोर दिसत होती, तरी नाही म्हणतोय. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं, तेच.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट वाचायला बसलो. उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिटेल्स' नावाचा भाग असतो आणि तिथल्या यादीत 'हार्डवेअर आयडीज'. तो निवडला की एक लांब ओळ दिसते. यूएसबी, मग व्हीआयडी आणि चार खुणा, मग पीआयडी आणि चार खुणा, शेवटी एमआय ०१. व्हीआयडी म्हणजे कंपनीचा क्रमांक, तो यूएसबीचं काम पाहणारी संस्था प्रत्येक कंपनीला देते. गुगलचा १८डी१. पीआयडी म्हणजे त्या कंपनीचं कोणतं उपकरण. आणि एमआय ०१ म्हणजे उपकरणाचा दुसरा भाग, कारण मोजणी शून्यापासून होते. त्याच यादीत 'कंपॅटिबल आयडीज' निवडलं तर आणखी एक ओळ आली: क्लास एफएफ, सबक्लास ४२, प्रोटोकॉल ०१. हे त्रिकूट एडीबीचंच असतं. म्हणजे फोन बरोबर बोलत होता. मी एडीबी आहे, असं तो स्पष्ट सांगत होता. फक्त ऐकणारं कुणी नव्हतं.

मग ड्रायव्हरची आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडली. ती साधी मजकुराची फाइल असते, कुणालाही वाचता येते. आत उपकरणांची यादी होती, एकेका ओळीत व्हीआयडी आणि पीआयडी. मी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. बाईंच्या फोनचा क्रमांक त्यात नव्हता. विंडोज फोल्डरमध्ये फाइल आहे की नाही एवढंच बघत नाही, फाइलीत या फोनचं नाव आहे का ते बघतं. नाव नाही, म्हणून ड्रायव्हर नाही. तीनदा मिळालेलं उत्तर तीनही वेळा खरं होतं.

बाईंना हे लगेच समजलं. म्हणाल्या, "म्हणजे सभासद यादीत नाव नाही, म्हणून पुस्तक देत नाहीत." यापेक्षा सोपं मला सांगता आलं नसतं.

पुढचं पाऊल सहज सुचणारं, की यादीत नाव आपणच लिहावं. लिहिलं. विंडोजनं ड्रायव्हर घ्यायला साफ नकार दिला. म्हणे, या फाइलीचा हॅश कॅटलॉगमध्ये नाही, फाइल खराब झालेली किंवा कुणीतरी फेरफार केलेली असू शकते. ड्रायव्हरसोबत एक कॅट फाइल येते, त्यात मूळ फाइलींची गणिती खूण सहीबंद असते. आयएनएफमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी ती खूण जुळत नाही. जुन्या लेखांमध्ये यावर उपाय सांगतात की कॉम्प्युटर वेगळ्या पद्धतीनं चालू करून एफ७ दाबा आणि सहीची तपासणी बंद करा. तसं करता येतं. मी केलं नाही. आदल्याच दिवशी अनोळखी प्रोग्रॅम उपटत बसलो होतो, आणि असल्या गोष्टींना अडवणारा पहारा हाच आहे. फेरफार केलेली फाइल फेकून दिली आणि झिपमधून मूळ फाइल पुन्हा काढली.

ज्या वाटेनं काम झालं ती अशी. 'अपडेट ड्रायव्हर', मग 'माझ्या कॉम्प्युटरवर शोधा'. तिथे फोल्डर दाखवायच्या चौकटीखाली दुसरा पर्याय असतो, 'उपलब्ध ड्रायव्हरांच्या यादीतून मला निवडू द्या'. तो घ्यायचा, 'सर्व उपकरणे' निवडायचं, 'हॅव डिस्क' दाबायचं आणि ती न बदललेली आयएनएफ दाखवायची. मग तीन नावं येतात: अँड्रॉइड एडीबी इंटरफेस, अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस, अँड्रॉइड कॉम्पोझिट एडीबी इंटरफेस. आपल्याकडे एमआय ०१ आहे, म्हणजे कॉम्पोझिट, म्हणून तिसरं घेतलं. विंडोज इशारा देतं की हा ड्रायव्हर या उपकरणाशी जुळतो याची खात्री देता येत नाही, बसवू नये असा सल्ला आहे. इथे 'होय' म्हणायला मला भीती वाटली नाही, कारण आपण काय करतोय ते माहीत होतं. फाइलीची सही शाबूत होती, ड्रायव्हर कुठून आलाय ते ठाऊक होतं आणि एफएफ, ४२, ०१ हे त्रिकूट डोळ्यांनी बघितलं होतं. 'होय' दाबलं. क्षणभर पडदा लुकलुकला आणि पिवळा त्रिकोण गेला. वरच्या बाजूला 'अँड्रॉइड डिव्हाइस' असं नवं घर तयार झालं होतं.

(माझ्या एका मित्राकडे लिनक्स आहे, तिथे ड्रायव्हरची भानगड नाही. पण परवानगीची आहे, कुठलं उपकरण कुणी वापरायचं ते ठरवणारे यूडेव्हचे नियम नसतील तर एडीबी 'नो परमिशन्स' म्हणतं. मॅकवर दोन्ही लागत नाही.)

बाईंनी चहा ओतला. मी हुकूम पुन्हा दिला. यादी रिकामी.

खरं सांगतो, तेव्हा फार वाईट वाटलं. पण या वेळी वर आणखी एक ओळ होती आणि ती मी वाचली. सर्व्हरची आवृत्ती आणि या क्लायंटची आवृत्ती जुळत नाही, असं ती सांगत होती. एडीबीचे तीन भाग असतात. आपण हुकूम देतो तो क्लायंट, कॉम्प्युटरवर मागे बसून राहणारा सर्व्हर आणि फोनमधला एक सेवक. सर्व्हर ५०३७ क्रमांकाच्या पोर्टवर (हे केबलचं पोर्ट नव्हे, प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायची क्रमांकाची जागा) ऐकत असतो आणि त्या पोर्टवर एका वेळी एकच बसू शकतो. तिथे आधीच कुणी बसलं असेल तर? 'नेटस्टॅट' या हुकमानं ५०३७ वर कोण आहे ते शोधलं, आलेला प्रोसेस क्रमांक टास्क मॅनेजरमध्ये बघितला. तीन वर्षांपूर्वी माझ्या जुन्या फोनचे संपर्क उतरवून घ्यायला मी एक प्रोग्रॅम बसवला होता. त्याच्या पोटात एडीबीची स्वतःची जुनी प्रत होती आणि ती लॅपटॉप चालू झाल्यापासून तिथे ठाण मांडून होती. माझी नवी प्रत तिला हटवायची, ती पुन्हा उठायची. तो प्रोग्रॅम काढून टाकला, 'एडीबी किल सर्व्हर' आणि मग 'एडीबी स्टार्ट सर्व्हर' दिलं.

यादीत एक ओळ आली. फोनचा क्रमांक आणि पुढे 'अनऑथराइज्ड'.

आता अडवणारा फोन होता, आणि योग्य कारणासाठी. अँड्रॉइड ४.२.२ पासून प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःची किल्ली दाखवावी लागते आणि फोनचा मालक पडद्यावर 'परवानगी द्या' म्हणेपर्यंत फोन आत घेत नाही. तो प्रश्न आम्हाला दिसला नव्हता, कारण फोन कुलूपबंद अवस्थेत पालथा पडला होता. बाईंनी पॅटर्न काढून फोन उघडला, केबल काढून पुन्हा लावली, चौकट आली. आत किल्लीचा ठसा, जोडजोडीनं लिहिलेली अक्षरं आणि आकडे, खाली 'या कॉम्प्युटरला नेहमी परवानगी द्या' असा चौकोन.

बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. बोट वर तसंच धरून विचारलं, "अरे, होय म्हटलं तर तू माझे मेसेज वाचू शकशील का?"

तीन दिवसांत मला कुणी विचारलेला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा होता. मी त्यांना खरं ते सांगितलं. या दरवाजातून कॉम्प्युटरला बरंच काही करता येतं. अ‍ॅप बसवता येतं, काढता येतं, पडद्याचं चित्र घेता येतं, फोटो आणि फाइली उतरवून घेता येतात, आणि मेसेजपर्यंतही पोचता येतं. मी फक्त आपल्या अ‍ॅपची नोंद वाचणार आहे, तुम्ही शेजारी बसा आणि बघा. काम झालं की परवानगी रद्द करू आणि डीबगिंग बंद करू. "त्या चौकोनात टिक करू नका," असंही म्हणालो. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि 'ओके' दाबलं.

'अनऑथराइज्ड'च्या जागी 'डिव्हाइस' आलं. दोन संध्याकाळी आणि अर्धा रविवार या एका शब्दासाठी गेले होते.

नंतरचं भराभर झालं. लॉगकॅट चालू केलं, बाईंनी बारकोड वाचून घेतला, 'द्या' दाबलं, अ‍ॅप बंद पडलं आणि काळ्या खिडकीत लाल ओळींचा लोट आला. पहिल्याच ओळीत कारण होतं: जावा टाइममधला 'लोकलडेट' हा क्लास, म्हणजे तारखांचा हिशोब करणारा तयार कोड, सापडला नाही. परतीची तारीख काढायला मी तोच वापरला होता. तो अँड्रॉइडमध्ये आला ८ पासून, आणि बाईंचा फोन ७ चा. लिहिताना एडिटरनं त्या ओळीखाली लाल रेघ ओढली होती, मी ती बाजूला सारली होती. जुन्या अँड्रॉइडला असे नवे क्लास पुरवायची सोय बांधणीतच, म्हणजे कोडचं अ‍ॅप तयार करण्याच्या टप्प्यातच, आहे, तिला डीशुगरिंग म्हणतात. बांधणीच्या फाइलीत दोन ओळी घातल्या, अ‍ॅप पुन्हा बांधलं, त्याच केबलनं फोनमध्ये घातलं.

बाई उठून मांडणीवरून एक पुस्तक घेऊन आल्या. बारकोड वाचून घेतला, स्वतःचाच सभासद क्रमांक टाकला, 'द्या' दाबलं. पडद्यावर परतीची तारीख आली. त्यांनी ती भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघितली, दिवस बोटांवर मोजले. "बरोबर आहे," म्हणाल्या.

नवे फोन असलेल्या कार्यकर्त्यांसाठी आता मी केबल वापरत नाही. अँड्रॉइड ११ पासून वायफायवरून सहा आकडी कोड टाकून जोडता येतं, ड्रायव्हरचा प्रश्नच येत नाही. बाईंच्या फोनला ती सोय नाही, म्हणून पुढच्या दुरुस्तीला पुन्हा हीच केबल लागेल.

त्या दुपारी निघायच्या आधी आम्ही डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन दिलेल्या परवानग्या रद्द केल्या आणि डीबगिंगचं बटण बंद केलं. बटण बाईंनी स्वतः बंद केलं. मग खणातली पांढरी केबल काढून तिच्यावर चिकटपट्टी लावली आणि शाईच्या पेनानं लिहिलं, 'फक्त चार्जिंग'.